सगळ्यात आधी कोणी विचारलं

आमच्या फरीदाबादच्या मराठी लोकांच्या ग्रुपवर एरवी भाजणी कुठे मिळते, पुण्याहून कोणी येतंय का, एवढंच चालतं. जानेवारीतल्या एका दुपारी वेगळाच मेसेज आला. इथल्या एका बालगृहात सहा-सात वर्षांची मुलगी आहे, स्टेशनवर एकटी सापडली, मराठीच बोलते, तिच्याशी बोलायला कोणी जाऊ शकेल का. खाली भराभर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. मी नंबर सेव्ह केला.

नीरजला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नवल वाटलं. अथर्वला सोसायटीच्या घसरगुंडीवर सोडायच्या आधी ती पुसून घेणारी बाई अनोळखी मुलांच्या घरात जायला निघाली कशी? मानेसरहून परत येताना कंपनीच्या बसमधून त्याने फोन केला. "तुला तिथे जाऊन नक्की काय बघायचंय, विनया?"

अथर्व झाल्यापासून मी एकाच गोष्टीला घाबरत आलेय, गर्दीत त्याचा हात सुटण्याला. पण हात सुटलेलं मूल मी कधी पाहिलं नव्हतं. ते काय सांगतं? काय आठवतं त्याला, आणि कोणावर विश्वास ठेवतं? हे मला बघायचं होतं.

मुलीचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, तसं लिहायचं नसतं. राधा म्हणू.

बालगृहाच्या अंगणात ऊन होतं आणि उन्हात अधीक्षक हेमलता डागर खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर परात, परातीत मटार. त्यांनी माझं ओळखपत्र बघितलं, मला खुर्ची दिली आणि एक ताटलीभर शेंगा माझ्यासमोर सरकवल्या. हिवाळ्यात त्यांच्याकडे जो येईल त्याने मटार सोलायचे, असा नियमच होता. इन्स्पेक्टर असो नाहीतर देणगीदार, रिकाम्या हाताने बसायचं नाही. मुलं जास्त, स्वयंपाकघरात माणसं कमी.

सोलता सोलता त्यांनी हिंदीत सगळं सांगितलं. मुलगी फरीदाबाद स्टेशनच्या बाकावर बसलेली सापडली. थोड्याच वेळापूर्वी महाराष्ट्रातून येणारी एक लांबची गाडी तिथे थांबून गेली होती, म्हणजे त्यातूनच उतरली असणार. नाव सांगते, आडनाव सांगते, पण ते आडनाव महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहे. फोन नंबर येत नाही. आणि गाव प्रत्येकाला वेगळं सांगते.

"मुझे विटा बताया, काउन्सलर को सांगली, आपके महाराष्ट्र वाले साहब को कोल्हापूर," हेमलताजी म्हणाल्या. "बच्ची है या रेलवे का टाइमटेबल."

तिन्ही ठिकाणी चौकशी झाली होती. अशी मुलगी हरवल्याची तक्रार कुठेच नव्हती. येत्या गुरुवारी बाल कल्याण समितीची बैठक होती. तोवर गाव ठरलं नाही, तर शुक्रवारच्या गाडीने महिला पोलिसासोबत तिला महाराष्ट्रातल्या एखाद्या बालगृहात पाठवायचं, पुढे तिकडचे लोक शोधतील. तिकीट निघालं होतं. एकदा तिकडे गेली की इथली फाइल बंद. आणि तिकडच्या फाइलीत असणार काय? तीन गावं आणि एक आडनाव.

राधा आली तेव्हा तिच्या दोन्ही वेण्यांना नव्या रिबिनी होत्या आणि स्वेटर एक माप मोठा होता. मी मराठीत बोलले तशी तिने मान वर केली. मी माझं नाव सांगितलं, मी पुण्याची आहे म्हणाले, मला एक मुलगा आहे म्हणाले. मग विचारलं, "तुझं घर कुठे आहे गं?"

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. अथर्व माझ्या चेहऱ्याकडे पाहतो तसं. मग म्हणाली, "पुण्याला."

हेमलताजींनी अर्थ न विचारताच कपाळाला हात लावला.

परतताना ऑटोत मी त्या बघण्याचा विचार करत होते. ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारं मूल नजर चुकवतं, हिने चुकवली नव्हती. ती माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होती. काय?

दुसऱ्या दिवशी मी समुपदेशक रुचिता अरोडांना फोन लावला. त्या आठवड्यातून एकदा, मंगळवारी, बालगृहात येतात. बोलणं शांत, सावध. राधा त्यांच्यासमोर सतत आगीची चित्रं काढते, असं त्या म्हणाल्या. भांड्यात आग, शेजारी माणूस. घराला आग लागली असावी, वडील त्यात गेले असावेत, म्हणून मूल गाव नीट सांगत नाही, असा त्यांचा अंदाज होता. हे हेमलताजींना माहीत आहे का, असं मी विचारलं. रिपोर्ट समितीला जातो, अधीक्षकांना नाही, असं उत्तर आलं. पाठोपाठ जरा कोरडेपणाने, त्यांना मुलांनी जेवण्याशी मतलब असतो.

हेमलताजींना विचारलं तर त्यांचं म्हणणं, काउन्सलर मॅडम येऊन गेल्या की त्या दिवशी मुलगी जेवत नाही. मुलगी स्टेशनवरून आणून सोडणारा हेल्पलाइनचा जयेश, त्याच्यावरही त्यांचा राग होता. मुलं आणून टाकतो आणि फोन उचलत नाही. जयेशला गाठलं तर तो म्हणाला, मूल हवाली केलं की पुढे विचारायचं नसतं, आत घेतही नाहीत, गेटवर सही करतात.

मला गंमत वाटली आणि भीतीही. सगळे त्या मुलीचं भलंच करत होते. प्रत्येकाकडे तिचा एक तुकडा होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याकडचा तुकडा म्हणजेच मुलगी.

सोमवारी सकाळी डबा भरताना माझं नेहमीचं चालू होतं. अथर्वला मी बाबाचा मोबाइल नंबर पाठ करवून घेते. त्याने तो धडाधड म्हटला. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, माझं लक्ष तिकडे गेलं, म्हणून मी म्हटलं, "काय म्हणालास? परत सांग."

तो थांबला. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि शेवटचे दोन आकडे बदलून नंबर म्हणाला.

"अरे, आधी बरोबर म्हणाला होतास की."

"तर मग तू परत का विचारलंस?" तो म्हणाला. "मला लगा गलत आहे. मॅम पण गलत असलं की फिर से विचारते."

गॅस बंद करायचं मला सुचलं नाही. त्याने पोळीचा रोल हातात घेतला, दप्तर मागितलं, आणि मी तशीच उभी.

राधाला स्टेशनवर कोणीतरी घर विचारलं असणार. तिने सांगितलं असणार. मग दुसऱ्याने तेच विचारलं, मग तिसऱ्याने. सगळी मोठी माणसं, सगळी गंभीर. उत्तर बरोबर असतं तर परत विचारलं असतं का? म्हणजे चुकलं. म्हणजे दुसरं काहीतरी सांगायला हवं. ती आमच्या चेहऱ्यांवर बरोबर उत्तर शोधत होती.

मग पहिलं उत्तर काय होतं? आणि ते कोणाकडे होतं?

मंगळवारी रुचिताजी येणार होत्या. बैठक वगैरे शब्द काढला असता तर पत्र, परवानगी, तारीख, आणि तोवर शुक्रवार उलटला असता. मी जयेशला फक्त एवढंच म्हटलं, तुम्ही सोडलेली मुलगी आता कशी आहे ते बघायला या. मला कधी कोणी असं बोलावलं नाही, तो म्हणाला. हेमलताजींना मी सांगितलं, मटार सोलायला आणखी दोन माणसं आणते. त्यांनी संशयाने हुंकार भरला, पण नाही म्हणाल्या नाहीत.

चौथे होते श्यामकांत साहेब, दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्राच्या कार्यालयात काम करणारे. त्यांनीच राधाशी व्हिडिओवर बोलून कोल्हापूर मिळवलं होतं. त्यांना इतक्या लांब येणं शक्य नव्हतं. मी फोन शेंगांच्या टोपलीला टेकवून ठेवला, आणि ते त्यात टाय सैल करून बसले.

सुरुवातीला चांगलंच बिनसलं. मी अथर्वचं सांगितलं तशा रुचिताजी ताठ झाल्या. म्हणजे माझं सत्र चुकीचं होतं असं तुम्हाला म्हणायचंय का, असं त्यांनी सरळ विचारलं. हेमलताजी पुटपुटल्या, कोणी तरी म्हणायला हवंच होतं. जयेश शेंगेकडे बघत राहिला. फोनमधून श्यामकांत साहेब म्हणाले, "ताई, मुलं कोल्हापूर उगाच नाही सांगत. माझा अनुभव आहे."

"मलाही पुणे सांगितलं," मी म्हणाले. "माझ्या तोंडून ऐकून सांगितलं. तुम्ही तिला आधी काय म्हणाला होतात?"

त्यांनी सैल केलेला टाय पुन्हा नीट केला. मग म्हणाले, "मी कोल्हापूरचा, असं."

हेमलताजी हसल्या. त्यांचं हसणं बघून रुचिताजींनाही हसू आलं, ते त्यांनी दाबलं, पण ताटली पुढे ओढून शेंग हातात घेतली. हात कामाला लागले की माणूस थोडा सैल होतो. त्या नियमाचा मला तेव्हा उपयोग कळला.

मग मी विचारलं, "सबसे पहले किसने पूछा था?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हे कोणी कोणाला विचारलंच नव्हतं. हेमलताजी म्हणाल्या, आली त्या संध्याकाळी मी विचारलं. पण त्याआधी पोलिसांनी नाव लिहून घेतलं होतं. आणि त्याच्याही आधी बाकावर तिच्या शेजारी जयेश बसला होता.

"तुला काय म्हणाली?" हेमलताजींनी विचारलं.

"कुछ नहीं, मॅडम. मतलब..." तो आठवू लागला. "कोसी बोली थी. पर वो तो अनाउन्समेंट चल रहा था. पलवल, होडल, कोसी जाने वाली लोकल का. मैंने सोचा सुनके बोल रही है. मैंने ही छोड़ दिया."

कोसी इथून लोकलने तास-दीड तासावर. पण सीमा ओलांडली की ते उत्तर प्रदेशात. तिथे हरवलेल्या मुलीची तक्रार इथे कोणाला दिसणार, आणि महाराष्ट्रातल्या तक्रारींत ती सापडणार कशी?

"पर मराठी बच्ची कोसी में क्या करेगी?" रुचिताजी म्हणाल्या. विचारण्यात विरोध नव्हता, खरंच कुतूहल होतं. बोलता बोलता त्यांनी मोबाइलमधलं एक चित्र उघडून मध्ये ठेवलं. "ये देखिए. हर बार यही."

बुटकं भांडं, त्यातून लाल-पिवळ्या ज्वाळा, शेजारी माणूस, हातात लांब चिमट्यासारखं काही. हेमलताजींना ते तंदूर वाटलं. मला काहीच कळलं नाही.

"जरा जवळ धरा," फोनमधून श्यामकांत साहेब म्हणाले. मी चित्र कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यांचा आवाज बदलला. "अहो ताई, ही मूस आहे. सोनं-चांदी वितळवायची मूस. आणि तो हातात सांडस. हिचा बाप गलाईवाला आहे, सोनं-चांदी गाळून देणारा. आमच्या शेजारच्या सांगली भागातली ही माणसं, विटा, आटपाडी तिकडची. साऱ्या हिंदुस्थानातल्या सराफ बाजारांत असतात. आमच्याकडे कामं घेऊन येतात ना नेहमी. कोसीला सराफ बाजार असेल तर गलाईवाला असणार, आणि तो मराठीच असणार."

मी ते हिंदीत सांगितलं. "तो आग नहीं लगी थी घर में," रुचिताजी हळूच म्हणाल्या. त्यांचा अंदाज चुकला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं ऊन पडलं होतं. ज्या बापाला त्यांनी मनात जाळलं होतं, तो जिवंत असणार होता.

मी उठलेच होते. राधाला हाक मारते, विचारते, कोसी का, म्हणून. रुचिताजींनी माझी ओढणी धरून खाली बसवलं. तुम्ही कोसी म्हणालात की ती कोसीच म्हणेल, त्या म्हणाल्या. तुम्ही पुणे म्हणाल्यावर काय झालं? तिला काहीही विचारायचं नाही. चित्र द्यायचं, आणि फक्त एकाने ऐकायचं. बाकीच्यांनी मटार सोलायचे. आणि ती जे सांगेल त्यावर कोणी परत विचारायचं नाही, एकानेही. हेमलताजींनी मान डोलावली. रुचिताजींचं काही त्यांनी निमूट मान्य केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

राधा आली. हेमलताजींनी तिला शेजारी ओढून घेतलं आणि तिच्या ओंजळीत सोललेले दाणे ओतले. मी चित्र पुढे ठेवलं. "छान काढलंयस. मला सांग ना ह्याच्याबद्दल."

तिने एक दाणा खाल्ला. "ही आमची भट्टी. हे पप्पा. भट्टी चालू असली की जवळ जायचं न्हाई. वर आमी झोपतो. खाली कचोरीवाला हाय, तो मला चटणी फुकट देतो."

माझ्या ओठांवर 'कुठे' आला होता. रुचिताजींचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. आम्ही थांबलो. श्यामकांत साहेबांनी तर फोनमध्ये श्वासही घेतला नसावा.

राधाने आणखी दोन दाणे खाल्ले. मग जयेशकडे बोट केलं. "कोसीत. ह्या दादाला म्या सांगितलं हुतं. पन मग समद्यांनी परत इचारलं."

"हां," मी म्हणाले. "तू बरोबर सांगितलं होतंस."

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि यावेळी तिला तिथे काय सापडलं कोण जाणे. खांदे खाली आले. "विटा आज्जीचं गाव हाय," ती आपणहून म्हणाली. "दिवाळीपातूर आमी तितंच हुतो. मी आज्जीकडं निगाली हुती. गाडीत बसलं की गाव येतं."

कोसीहून गाडीत बसली. ती गाडी दिल्लीकडे जाणारी होती. फरीदाबादला सगळे उतरले, तशी उतरली.

श्यामकांत साहेबांनी फोन ठेवला तो कामालाच लागले. गलाईवाल्यांची आपसांत माहिती असते. एकाने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. सूर्य कलायच्या आत त्यांचा मला फोन आला. कोसीच्या बाजारात भिंतीभिंतीवर राधाचा फोटो लावलेला आहे. बाप मथुरेपासून आग्र्यापर्यंत प्रत्येक स्टेशन पालथं घालत होता. उलट्या दिशेला.

गुरुवारी समितीसमोर आईवडील आले. आधार कार्डं, तक्रारीची प्रत, गावाकडच्या शाळेतला फोटो, सगळं बघून झालं. पद्धत असते ती, आणि असावीच. मी भाषांतरासाठी कोपऱ्यात होते. जयेश यावेळी गेटवर नव्हता, आत खुर्चीवर होता. रुचिताजी आणि हेमलताजी एकाच बाकावर बसल्या होत्या, मध्ये पर्स ठेवून, पण एकाच.

राधाला आत आणलं तेव्हा ती आईकडे धावली नाही. दाराशीच उभी राहिली, ओरडा बसणार अशा तयारीने. आईच पुढे गेली, तिच्यासमोर जमिनीवर बसली, तिचे हात, कोपरं, कान सगळं चाचपून पाहिलं. आणि मग रागावली, कारण रागवायला आता मुलगी समोर होती.

"आज्जीकडं जायचं हुतं तर मला सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं हुतं की," राधा म्हणाली. "रोज सांगितलं. तू रोज उद्या म्हनलीस."

आईचे हात तिथेच थांबले. समितीच्या अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बच्ची क्या कह रही है? मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, काही गाळलं नाही.

अध्यक्षबाईंनी ते समोरच्या कागदावर लिहून घेतलं. मग मुलीला आईवडिलांकडे देण्याचा आदेश झाला, आणि काही महिने घरी जाऊन बघून येण्याची अट. ती भेट कोणी घ्यायची यावर रुचिताजी, हेमलताजी आणि जयेश या तिघांत कुजबुज सुरू झाली. तिघांनी जाऊन तीन कप चहा प्यायचा आणि तेच तेच विचारायचं का, असं हेमलताजी म्हणाल्या. शेवटी रुचिताजी जातील आणि येऊन बाकीच्यांना सांगतील, असं ठरलं. जयेश म्हणाला, मला पण सांगा. त्याचा नंबर हेमलताजींनी पहिल्यांदाच स्वतःच्या मोबाइलमध्ये घेतला.

राधाचे वडील सगळ्यांना नमस्कार करून उठले होते. काळवंडलेली बोटं, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी मुलीला उचललं आणि म्हणाले, "गावच्या जत्रेला जाऊ हां आज्जीकडं. समदी जाऊ."

"कवा?" राधाने विचारलं.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. मग ते पुन्हा खाली बसले, मुलीला मांडीवर घेतलं, खिशातून मोबाइल काढला आणि तिकिटं बघू लागले. पुढच्या मुलाचे नातेवाईक दारात येऊन थांबले होते. शिपायाने एकदा आत डोकावलं. पण अध्यक्षबाईंनी हातानेच त्याला थांबवलं, आणि आम्ही सगळे त्या माणसाला तारीख सापडेपर्यंत बसून राहिलो.